अवघड संगीतासाठी कंपनी कोणती: मोठी की छोटी?

पहिल्या ऐकण्यात पकडीत न येणारं संगीत तुम्ही करता, आणि एका मोठ्या व एका छोट्या रेकॉर्ड कंपनीनं तुमच्यापुढे करार ठेवलाय. आगाऊ रकमेचं नंतर बघा. आधी विचारा: हे लोकांपर्यंत न्यायला तुम्ही काय बदलणार? संगीत, वेष्टन की श्रोते?

मोठी कंपनी श्रोते बदलू शकते, ही तिची खरी ताकद. 1970 मध्ये कोलंबिया या मोठ्या रेकॉर्ड कंपनीनं जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘बिचेस ब्रू’ काढला. दोन तबकड्यांचा अल्बम. पहिल्या तबकडीच्या एका बाजूला एकच रचना, दुसऱ्या बाजूला दुसरी, ती तर जवळपास 27 मिनिटांची. रेडिओसाठी काटछाट केलेली सिंगल, म्हणजे छोटी सुटी तबकडी, निघाली, पण अल्बमची लांबी तशीच राहिली. कंपनीचे अध्यक्ष क्लाइव्ह डेव्हिस यांनी माइल्सला रॉकच्या सभागृहांत वाजवायची गळ घातली. एप्रिल 1970 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमध्ये तो ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या आधी वाजवत होता. लांबच लांब वादनात रमायची सवय त्या बँडच्या चाहत्यांना आधीपासूनच होती. कान तयार असलेली माणसं शोधून त्यांच्यासमोर कलाकाराला उभं करायचं, याहून चांगलं मार्केटिंग मला माहीत नाही.

पण तीच ताकद उलटतेही. 1975 मध्ये आरसीए या दुसऱ्या मोठ्या कंपनीनं रॉक गायक लू रीडचा ‘मेटल मशीन म्युझिक’ काढला. कव्हरवर मंचावरचा रॉकस्टार, आत दोन तबकड्यांच्या चारही बाजू गिटारच्या फीडबॅकचा, म्हणजे स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून उठणाऱ्या किंचाळीचा, गोंगाट. गाणी मिळतील म्हणून घेणारे संतापले, कित्येकांनी तबकड्या दुकानात परत आणून दिल्या. तो अल्बम मला आवडतो, म्हणूनच त्या कव्हरचा राग येतो.

छोट्या कंपनीकडे सभागृहं भरायची ऐपत नसते. तिचं भांडवल म्हणजे तिच्या नावावरचा विश्वास. मानफ्रेड आयशर यांनी 1969 मध्ये म्युनिकमध्ये सुरू केलेल्या ईसीएम या छोट्या कंपनीची शांत कव्हरं आणि स्वच्छ, मोकळा ध्वनी यांमुळे कलाकार अनोळखी असला तरी लोक तबकडी उचलतात. 1994 चा ‘ऑफिशियम’, म्हणजे जुन्या धर्मसंगीताच्या चार गळ्यांवर यान गारबारेकचा सॅक्सोफोन, असाच दूरवर पोचला. मात्र तिथे ध्वनीवर आयशर यांची छाप पडतेच. तुम्हाला खरखरीत, अंगावर येणारा आवाज हवा असेल, तर ते घर तुमचं नाही.

केवळ आकारावर जाऊ नका. विल्को या अमेरिकन रॉक बँडचा ‘यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट’ हा अल्बम रिप्रीझ या लेबलनं नाकारला आणि 2002 मध्ये नॉनसच या लेबलनं काढला. दोन्ही लेबलं एकाच मोठ्या कंपनीची, वॉर्नरचीच.

माझं मत विचाराल तर, मंचावर तुमचं संगीत जास्त खुलत असेल आणि दुसऱ्यांच्या चाहत्यांसमोर उभं राहायची तयारी असेल, तर मोठी कंपनी घ्या. रेकॉर्डिंग हेच तुमचं मुख्य काम असेल, तर छोटी. दोन्हीकडे एक कलम मात्र लिहून घ्या: सिंगलसाठीची काटछाट आणि कव्हर तुमच्या संमतीशिवाय ठरणार नाही.