काळ्या क्लॅडिंगवर ट्रिम कोटिंग: एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटल्यावर

कॉम्पॅक्ट एसयूव्हीच्या खालच्या अंगाला चहूबाजूंनी असतं ते काळं, दाणेदार, रंग न दिलेलं प्लास्टिक, म्हणजेच क्लॅडिंग, उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचं काही वर्षांतच राखाडी पडतं. ब्रेझा असो, पंच असो की जुनी डस्टर, यातून सुटका नाही. हा अनुभव आहे सिलिकावाल्या ट्रिम कोटिंगचा, म्हणजे छोट्या 30 मिलीच्या बाटलीत येणारं आणि लावल्यावर कडक होणारं द्रावण. मार्चमध्ये लावलं, आता नोव्हेंबर लागतोय. त्याच गाडीच्या मागच्या बंपरच्या एका टोकाला मुद्दाम साधं सिलिकॉनचं पॉलिश लावलं होतं, आणि काचेखालच्या काउलचा अर्धा भाग काळा रंग देणाऱ्या द्रावणाने केला होता. ऊन-पाऊस तिन्हींना सारखाच मिळाला.

निकाल आधीच सांगून टाकतो. दारांखालची आणि चाकांभोवतीची उभी क्लॅडिंग अजून व्यवस्थित काळी आहे. बंपरच्या वरच्या आडव्या कडा बऱ्यापैकी उतरल्या आहेत. काउलवरच्या कोटिंगने पावसाळ्याच्या मध्यावरच मान टाकली. सिलिकॉन पॉलिशचं टोक पहिल्या जोरदार सरीनंतर होतं तसं झालं, वर शेजारच्या रंगावर चिकट ओघळ आले ते वेगळेच.

प्लास्टिक पांढरं का पडतं ते समजलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं. असा भाग काढून मागची बाजू पाहिलीत तर बहुतेक वेळा ‘पीपी+ईपीडीएम-टीडी20’ असा काहीतरी शिक्का दिसतो. पॉलिप्रॉपिलीन, त्यात थोडं रबर आणि वजनाच्या 20 टक्के टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची भुकटी. अतिनील किरणांनी पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या तुटतात, वरचा अगदी पातळ थर ठिसूळ होतो, त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि आतली पांढरी भुकटी उघडी पडते. काळा रंग कुठे गेलेला नसतो. खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो म्हणून तो दिसेनासा होतो.

म्हणून बाटली मागवण्याआधी एक चाचणी करा, फुकटची आहे. भाग धुऊन ओला करा आणि पाहा. ओला असताना नव्यासारखा काळा दिसत असेल तर कोटिंग चालेल, कारण पाण्यासारखंच तेही त्या भेगा भरतं, फक्त सुकून जात नाही. ओला करूनही राखाडीच दिसला तर पारदर्शक कोटिंगवर पैसे घालवू नका, रंग देणारं द्रावण घ्या. आणि भाग मुळातच गडद राखाडी असेल, काही गाड्यांचा तसा असतो, तर काळं द्रावण लावल्यावर तो बाकीच्या क्लॅडिंगशी कधीच जुळणार नाही.

पांढरेपणा नेहमी उन्हाचाच असतो असंही नाही. रंगावर वॅक्स लावताना फडकं प्लास्टिकवर घासलं की दाण्यांच्या खोबणीत वॅक्स बसतं आणि रंगाच्या कडेकडेने पांढरे पट्टे उमटतात. ते क्लीनर आणि ब्रशने निघतं. त्यावर कोटिंग लावलंत तर पट्टे आत कैद होतील.

तयारी, म्हणजे खरं काम

कोटिंग टिकलं नाही असं म्हणणाऱ्या दहातल्या आठ गाड्यांवर खाली जुनं सिलिकॉन राहिलेलं असतं, असं माझं ठाम मत आहे. सर्व्हिसिंगनंतर गाडी चकचकीत करून देतात तेव्हा या काळ्या भागावर पॉलिश फिरवलेलं असतंच. वर्षानुवर्षांचं हे तेल दाण्यांत मुरलेलं असतं आणि कोटिंग प्लास्टिकला न चिकटता त्या तेलावर तरंगतं.

आधी साध्या कार शाम्पूने माती काढा. मग ऑल पर्पज क्लीनर, 1 लिटर पाण्यात 100 मिली या प्रमाणात. जुनं पॉलिश जाड असेल तर 250 मिलीपर्यंत जा, पण मग शेजारच्या रंगावर सुकू देऊ नका. हाताला जरा ताठ लागेल असा नायलॉनचा ब्रश घ्या आणि कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश. गोल गोल घासायचं, एका वेळी दीड-दोन फुटांचा पट्टा, आणि फेस तपकिरी व्हायचा थांबेपर्यंत. दोनदा करावं लागतंच, चाकांच्या कमानींवर तिसऱ्यांदाही.

झालं की नाही हे पाण्यावरून कळतं. उन्हाने खाल्लेलं प्लास्टिक स्वच्छ झालं की त्यावर पाण्याचा सलग पातळ थर पसरतो. थेंब गोळा होऊन घरंगळत असतील तर तेल अजून आत आहे. फारसं न उन्हाळलेलं पॉलिप्रॉपिलीन मात्र स्वभावतःच पाणी झटकतं, तिथे ही खूण फसवते. अशा जागी पांढरं फडकं आयपीएत, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, भिजवून घासा आणि फडक्याकडे पाहा. चिकट, करडा डाग येत असेल तर परत धुवा.

वरचा थर खडूसारखा हाताला लागत असेल तर पांढऱ्या मेलामाइन स्पंजचा तुकडा क्लीनरमध्ये भिजवून हलक्या हाताने फिरवा. हा स्पंज म्हणजे बारीक पॉलिश पेपरच आहे. रंगावर चुकूनही नको, आणि प्लास्टिकवरही जोर लावला तर दाणे झिजून गुळगुळीत चट्टा पडतो, तो पुढे कशानेही जात नाही.

यानंतर वाळवणं. सगळ्यात जास्त घाई इथेच होते. वरून कोरडी दिसणारी क्लॅडिंग सांध्यांतून आणि क्लिपांमागून अर्धा-पाऊण तास पाणी सोडत राहते. एअर ब्लोअर असेल तर प्रत्येक फट फुंकून काढा, नसेल तर गाडी उन्हात उभी करा आणि मग सावलीत आणून भाग हाताला थंड लागेपर्यंत थांबा. कोकणात किंवा भर पावसाळ्यात हे काम काढूच नये. बहुतेक कोटिंगं हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतात, पण दमट हवेत ती इतक्या लवकर धरतात की पुसायलाही वेळ मिळत नाही.

शेवटी आयपीए, 70 भाग आणि 30 भाग डिस्टिल्ड वॉटर. दोन फडकी, एक ओलं आणि लगेच मागून कोरडं. घरातला हँड सॅनिटायझर याच कामाला वापरणारे आहेत. त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन असतं आणि ते प्लास्टिकवर राहतं. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन हे प्रकार टाळा. पॉलिप्रॉपिलीन एखाद्या वेळी सहन करेल, पण ग्रिल आणि आरशांच्या टोप्या बहुधा एबीएस या वेगळ्या प्लास्टिकच्या असतात, आणि एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं.

लावताना

रंगाच्या कडेला मास्किंग टेप लावा. ट्रिम कोटिंग रंगावर सांडलं आणि राहिलं तर काळपट सावली दिसते आणि ती काढायला पॉलिशिंग कंपाउंड लागतं. काउल करणार असाल तर काचेवरही टेप हवी. काचेवर थेंब सुकला तर वायपर त्या जागी अडखळत, कुरकुरत जातो.

हातात नायट्रिल मोजे. स्पंजच्या ठोकळ्याला सुएड किंवा मायक्रोफायबरचा तुकडा गुंडाळा, पहिल्यांदा 8-10 थेंब, नंतर दर पॅनेलला 5-6. आधी आडवं, मग उभं फिरवा, म्हणजे दाण्यांच्या दोन्ही बाजूंना पोचतं. एक दार, एक कमान असं तुकड्यातुकड्याने. एक ते तीन मिनिटांत द्रावणाची ओली चमक बसायला लागते. तेव्हा आखूड लव असलेल्या मायक्रोफायबरने हलकं टिपत पुसा. दाबून पुसलं तर आपणच लावलेलं काढून टाकतो. न पुसता तसंच सोडलं तर जिथे जास्त साचलंय तिथे चकचकीत काळे ओघळ राहतात. ते दिवसाउजेडी दिसत नाहीत, संध्याकाळी तिरप्या प्रकाशात डोळ्यांत भरतात. म्हणून प्रत्येक पॅनेल झालं की मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून एक नजर टाका. पहिल्या तासाभरात ओघळ दिसला तर त्याच ओल्या कापडाने त्यावर परत फिरवून लगेच सारखा करता येतो. दुसऱ्या दिवशी दिसला तर मेलामाइन स्पंजने खरवडून तो तुकडा पहिल्यापासून करायचा.

तासाभराने दुसरा हात. उन्हाने फार खाल्लेलं प्लास्टिक पहिला हात पिऊन टाकतं, तिथे दुसऱ्याशिवाय रंग सारखा येत नाही. दोन हातांत बंपरच्या खालच्या कडा, चारी कमानी, दारांच्या पट्ट्या आणि आरशांचे पाय मिळून 20 मिलीच्या आसपास द्रावण गेलं. पहिले 24 तास पाणी नको, आठवडाभर शाम्पू नको. रात्रीचं दवही पाणीच, तेव्हा पहिली रात्र गाडी छपराखाली हवी. उघड्यावर ठेवलीत तर थेंबांचे गोल ठसे उमटतात आणि कोटिंगबरोबरच घट्ट होतात.

महिन्यागणिक काय झालं

एप्रिल-मेमध्ये तक्रारीला जागा नव्हती. दिसणं नव्यासारखं, तेलकट चमक नाही, हाताला काळं लागत नाही, धूळ फुंकरीने उडते. हा सिलिकॉनपेक्षा मोठा फायदा. सिलिकॉन पॉलिशचं टोक एव्हाना धुळीने तपकिरी झालं होतं.

पावसात माती उडून कमानींच्या मागच्या कडांवर बारीक घासल्याच्या खुणा आल्या. त्या काळ्या रंगात लपतात, पण पाणी तिथे चिकटून राहायला लागलं. पाणी घरंगळायचं थांबलं की कोटिंग गेलं, असं समजून बरेच जण परत बाटली उघडतात. आधी पातळ क्लीनरने एकदा नीट धुऊन पाहावं. बऱ्याचदा वर रस्त्याचा मळ बसलेला असतो आणि तो निघाला की थेंब परत दिसतात. उभ्या भागांवर तसंच झालं, काउलवर नाही.

बोअरच्या पाण्याने गाडी धूत असाल तर एक त्रास वाढतो, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. कोटिंगवर पाणी थेंब होऊन उभं राहतं, थेंब उन्हात सुकतो आणि क्षाराचा पांढरा गोल सोडतो. उघड्या प्लास्टिकपेक्षा हे जास्त ठळक दिसतं. धुतल्यावर क्लॅडिंगही पुसायची सवय लावा. डाग पडलेच तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, मिनिटभर ठेवून भरपूर पाण्याने धुवा.

काउल आणि बंपरच्या वरच्या कडा लवकर का जातात, तर त्या आभाळाकडे तोंड करून असतात. भर दुपारचं ऊन सरळ त्यांच्यावर पडतं आणि काउलला खालून इंजिनची धग मिळते. उभ्या क्लॅडिंगला तेच ऊन तिरपं लागतं. त्यामुळे आडव्या भागांना वेगळा हिशोब लावावा. रंग देणारं द्रावण काउलच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर अजून काळं आहे. लावायला मात्र ते फार घाण काम. मोजे फाटले तर नखांत शाई आठवडाभर राहते, आणि रंगाला लागलेलं ताबडतोब पुसावं लागतं. माझा पुढचा बेत काउल पूर्ण त्याचाच करायचा आणि उभ्या भागांवर कोटिंगच ठेवायचं, असा आहे.

जुगाडांबद्दल थोडक्यात

खोबरेल तेल आणि काळं बूट पॉलिश एका धुण्यात जातं, आणि जाताना रंगावर उतरतं. हीट गनने झटक्यात काळं होतं हे खरं, कारण वरचा थर वितळून भेगा बुजतात. पण पॉलिप्रॉपिलीन 160 अंशांच्या आसपास वितळतं आणि हीट गन 300च्या वर सहज जाते. एका जागी दोन सेकंद जास्त रेंगाळलं की दाणे सपाट होतात, भागाला पोक येतं, नाहीतर शेजारचा रंग फुगतो. शिवाय ऊन अडवणारं त्यात काहीच नाही, म्हणून पांढरेपणा परत येतो. उकळलेलं जवस तेल लावायचा सल्लाही फिरतो. तेलात भिजलेली फडकी चुरगळून ठेवली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात, तेव्हा तो नादच नको. स्कूटरवाल्यांनी पाय ठेवायच्या फळीवर आणि सीटवर कोणतंच चमकवणारं द्रव्य लावू नये, ब्रेक मारताना पाय घसरतो.

आरशाजवळचा त्रिकोण किंवा काउलचं टोक असे छोटे भाग वेगळे मिळत असतील तर आधी सुट्या भागाचा भाव विचारा. कोटिंगपेक्षा नवा तुकडा स्वस्त पडेल असं बऱ्याचदा होतं. सर्व्हिसिंगला देताना जॉब कार्डावर ‘काळ्या प्लास्टिकला पॉलिश लावू नये’ असं लिहून घ्या.

उरलेलं द्रावण फार दिवस ठेवू नका. बाटली एकदा उघडली की तोंडाशी काचेसारखे खडे धरतात आणि तेच खडे पुढच्या वेळी प्लास्टिकवर ओरखडे काढतात. तोंड पुसून, झाकण घट्ट लावून, थंड जागी उभी ठेवली तर काही आठवडे जाते. द्रावण दाटसर किंवा गढूळ दिसलं तर फेकून द्या. लावलेलं सुएडचं कापडही त्याच दिवशी टाकायचं, धुऊन परत वापरता येत नाही.