टॉरेंटसोबत आलेला प्लेअर आणि दोनदा झालेली फसवणूक

मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे घराबाहेर पडणे बंद होते आणि आईचे दिवस दूरदर्शनवरच्या जुन्या मालिकांवर निघत होते. एका दुपारी तिला लहानपणी जत्रेतल्या तंबूत पाहिलेला एक कृष्णधवल मराठी चित्रपट आठवला आणि तो कुठे पाहायला मिळेल का, असे तिने विचारले. पैसे भरून चित्रपट दाखवणाऱ्या तीन सेवांवर मी शोधले, पण त्यातली दोन गाणी तेवढी इतरत्र सापडली, चित्रपट कुठेच नव्हता. त्या काळच्या कितीतरी मराठी चित्रपटांची आज हीच अवस्था आहे, आणि सरळ वाटेने न मिळणाऱ्या चित्रपटाच्या नावानेच सापळा लावणे सोपे जाते, हे मला तेव्हा सुचले नाही. मी टॉरेंटकडे वळलो. पुढे माझी एकदा नव्हे तर दोनदा फसवणूक झाली, आणि दुसऱ्या वेळी फसवणाऱ्याने पहिल्या वेळच्या माझ्या लाजेचाच उपयोग करून घेतला. म्हणून काहीही न लपवता सगळे लिहीत आहे.

टॉरेंट कसे चालते हे मला थोडेफार ठाऊक होते आणि त्या अर्धवट माहितीनेच घात केला. ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रामरने २००१ मध्ये तयार केलेल्या बिटटॉरेंट पद्धतीत फाइल एका जागी ठेवलेली नसते. तिचे शेकडो तुकडे अनेकांच्या संगणकांवर असतात आणि ते एकमेकांकडून घेतले जातात. प्रत्येक तुकड्याचा एक गणिती ठसा आधीच नोंदवलेला असतो आणि आलेला तुकडा त्याच्याशी जुळला नाही तर तो टाकून दिला जातो. यावरून मी असा समज करून घेतला होता की या वाटेने येणाऱ्या फाइलमध्ये कोणी ढवळाढवळ करू शकत नाही. ते खरे आहे, पण त्याचा अर्थ एवढाच की पहिल्या माणसाने जे ठेवले तेच तुमच्याकडे येते. त्याने खोटी फाइल ठेवली असेल तर ती खोटी फाइलच एकही बाइट न बदलता तुमच्या घरी पोहोचते. नावापुढे दिसणारा सीडरचा आकडा, म्हणजे पूर्ण फाइल जवळ असलेल्यांची संख्या, हीसुद्धा फुगवून दाखवता येते. माझ्या फाइलपुढे ४०० च्या वर सीडर दिसत होते. साठ वर्षांपूर्वीच्या मराठी चित्रपटाला एका वेळी चारशे माणसे वाटप करत बसली आहेत, यात काही विचित्र आहे हे मला जाणवायला हवे होते.

उतरलेल्या फोल्डरमध्ये तीन गोष्टी होत्या: सुमारे १.४ जीबीची चित्रपटाची फाइल, एक छोटी सूचनांची फाइल आणि प्लेअरचा सेटअप. मी चित्रपट व्हीएलसी या नेहमीच्या मोफत प्लेअरमध्ये लावला. काळ्या पडद्यावर एक इंग्रजी वाक्य आले आणि तेच शेवटपर्यंत स्थिर राहिले: हा व्हिडिओ विशेष स्वरूपात असल्यामुळे सोबतचा प्लेअर वापरावा. व्हीएलसीला न उघडणारी व्हिडिओ फाइल मी तोवर क्वचितच पाहिली होती आणि इथे तर फाइल उघडली होती, चालत होती, फक्त तिच्यात चित्रपट नव्हता. तरीही दोन तास वाट पाहून काहीतरी हाती आल्याच्या घाईत मी तो सेटअप सुरू केला. अँटिव्हायरसने लाल पट्टी दाखवली. सूचनांच्या फाइलमध्ये आधीच लिहिलेले होते की इशारा येईल, तो चुकीचा असेल, अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करावा. मी तो बंद केला. इशारा येणार हे ज्याला आधीपासून ठाऊक आहे त्याने तो का येणार हेही जाणूनच लिहिले असणार, हा विचार माझ्या मनात तेव्हा आला नाही आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

प्लेअर उघडलाच नाही. त्याऐवजी विंडोज अपडेट चालू असल्याची खिडकी आली, टक्के हळूहळू वाढत गेले आणि हार्ड डिस्कचा दिवा सतत लुकलुकत राहिला. मी चहा करायला उठलो. ती खिडकी बनावट होती. डिस्क एवढी का राबते आहे असा संशय येऊ नये एवढ्यासाठीच ती दाखवली जाते. परत आलो तेव्हा डेस्कटॉपवरच्या प्रत्येक फाइलच्या नावामागे चार अनोळखी अक्षरे चिकटलेली होती आणि एकही फाइल उघडत नव्हती. प्रत्येक फोल्डरमध्ये एकच चिठ्ठी होती: तुमच्या फाइली कुलूपबंद केल्या आहेत, त्या उघडणाऱ्या किल्लीची किंमत ९८० डॉलर, ७२ तासांच्या आत संपर्क केल्यास ४९० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ३७ हजार रुपये. खात्रीसाठी एक फाइल फुकट उघडून देऊ, असेही त्यात होते. या शेवटच्या वाक्याचे महत्त्व मला नंतर कळले.

त्या संगणकावर माझ्या मुलीच्या बारशापासूनचे फोटो होते आणि आजीच्या, म्हणजे आईच्या आईच्या, जात्यावरच्या ओव्यांची ३१ ध्वनिमुद्रणे होती, जी मी २०११ मध्ये लहानशा व्हॉइस रेकॉर्डरवर केली होती. आजी २०१४ मध्ये गेली. या सगळ्याची दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर होती, पण ती डिस्क त्या दिवशी संगणकालाच जोडलेली असल्यामुळे तीही त्याच वेळी गेली. राखीव प्रत जोडून ठेवली की ती राखीव उरत नाही, ही गोष्ट मी इतरांना कितीदा तरी सांगितली होती.

भावाच्या लॅपटॉपवरून शोधल्यावर कळले की हा स्टॉप किंवा डेजव्हू नावाने ओळखला जाणारा खंडणीखोर प्रोग्राम आहे आणि तो मुख्यतः चोरीची सॉफ्टवेअरे, त्यांचे क्रॅक (पैसे न भरता ती चालू करून देणारे प्रोग्राम) आणि अशाच बनावट डाउनलोडमधून पसरतो. माझ्या स्वतःच्या संगणकावरून हे शोधताच येत नव्हते, कारण सुरक्षेविषयीची संकेतस्थळे उघडूच नयेत अशी व्यवस्था त्याने करून ठेवली होती. एम्सिसॉफ्ट या कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये यावर एक मोफत साधन काढले होते. ते चालवले, पण उत्तर नकारार्थी आले. हा प्रोग्राम सुरू होताना त्याचा आपल्या मालकाच्या सर्व्हरशी संपर्क झाला नाही तर तो सर्वांसाठी एकच असलेली किल्ली वापरतो, आणि अशा फाइली पुढेमागे उघडण्याची आशा असते. अशा वेळी चिठ्ठीतल्या ओळख क्रमांकाच्या शेवटी बहुधा t1 ही अक्षरे असतात. माझ्या क्रमांकाच्या शेवटी ती नव्हती. माझ्यासाठी वेगळी किल्ली तयार झाली होती आणि ती फक्त त्या लोकांकडे होती. त्याच आठवड्यात माझ्या ईमेल खात्यात परदेशातून कोणीतरी शिरल्याची सूचना आली, कारण या प्रोग्रामसोबत पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रामही आला होता. सगळे पासवर्ड मी भावाच्या लॅपटॉपवरून बदलले. बाधित संगणकावर बसून बदलले असते तर नवे पासवर्डही गेले असते.

आता दुसरी फसवणूक. त्या चार अक्षरांचा शोध घेताना एका व्हिडिओखाली अनेकांनी एका माणसाचे आभार मानलेले दिसले: याने माझ्या सगळ्या फाइली परत मिळवून दिल्या, प्रामाणिक माणूस आहे, वगैरे. मी त्याला व्हॉट्सॲपवर संदेश पाठवला. तो हिंदीत बोलत होता, मला आदराने सर म्हणत होता, आणि त्याने आधी पैसे मागितलेच नाहीत. एक लहान फाइल आणि चिठ्ठीतला ओळख क्रमांक पाठवा, जमते का ते पाहतो, असे तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीचा बारशातला फोटो, पाळण्याला बांधलेल्या फुग्यांसकट, जसाच्या तसा माझ्या फोनवर आला. तो पाहून आई रडली. माझ्या मनात कसलीही शंका उरली नाही.

त्याने १२ हजार सांगितले. मी ५ हजार लगेच यूपीआयने पाठवले, आणि किल्ली तयार होते आहे असे त्याने सांगितल्यावर उरलेले ७ हजार दोन दिवसांनी पाठवले. तिसऱ्या दिवशी त्याने कराच्या नावाखाली आणखी ६ हजार मागितले. मी पावती मागितली तेव्हा त्याचा सूर बदलला. पोलिसांत जाणार असाल तर खुशाल जा, आधी पिक्चर कुठून उतरवला ते तुम्हालाच विचारतील, असे तो म्हणाला, आणि त्या रात्री त्याने मला ब्लॉक केले.

त्याने तो फोटो कसा उघडला असेल, यावर मी बरेच दिवस डोके शिणवले. उत्तर चिठ्ठीतच होते. एक फाइल फुकट उघडून देण्याची तयारी मूळ खंडणीखोरांनीच दाखवली होती. या माणसाने माझी फाइल आणि माझा क्रमांक त्यांना पाठवला, त्यांनी उघडून दिलेला फोटो माझ्यापुढे ठेवला आणि ते स्वतःचे कौशल्य म्हणून विकले. त्याच्याकडे कसलीही किल्ली नव्हती. म्हणून एखाद्याने एक फाइल उघडून दाखवली यावरून तो उरलेल्या फाइली उघडू शकतो असे कृपया समजू नका. त्याच सुमारास, जून २०२० मध्ये, स्टॉपवरचा उपाय असल्याचे भासवणारे झोरॅब नावाचे एक बनावट साधन उघडकीस आले. ते चालवणाऱ्यांच्या आधीच कुलूपबंद असलेल्या फाइलींना ते दुसरे कुलूप घालत होते. बुडालेला माणूस पुन्हा हात पुढे करणारच, हे या लोकांना पक्के ठाऊक असते.

तक्रार करायला मी नऊ दिवस घालवले, ते केवळ त्याच्या त्या एका वाक्यामुळे. टॉरेंटमध्ये आपण फाइल घेत असतानाच तिचे तुकडे इतरांना देतही असतो, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद व ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, हे मी वाचले होते आणि त्या धास्तीने गप्प बसलो होतो. मी केले ते योग्य होते असे मी म्हणत नाही. पण शेवटी सायबर पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला तो व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ कोणती हा, आणि पुढचा प्रश्न, इतके दिवस का थांबलात, हा. पैसे ज्या खात्यात गेले होते ते खाते भलत्याच कुणाच्या नावावर निघाले आणि रक्कम त्याच दिवशी काढून घेतलेली होती. पहिल्या काही तासांत कळवले असते तर ती अडवता येण्याची शक्यता होती. गेलेले पैसे लगेच अडवण्यासाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक तेव्हा नव्हता. आता १९३० हा क्रमांक आहे, आणि पैसे गेल्याचे लक्षात येताच, स्वतःची चूक किती याचा हिशोब न करता, आधी तिथे फोन करावा. बँकेलाही त्याच वेळी कळवावे. आपण स्वतः पिन घालून पाठवलेल्या पैशांची भरपाई बँक सहसा देत नाही, मला ती मिळाली नाही, पण समोरचे खाते गोठवण्यासाठी ती नोंद उपयोगी पडते.

विंडोज नेहमीच्या मांडणीत फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवते, तो दिसेल अशी सोय पहिल्याच दिवशी करून घ्यावी, म्हणजे चित्रपटाच्या नावाने आलेली फाइल प्रत्यक्षात प्रोग्राम आहे का ते कळते. आणि जो व्हिडिओ पाहण्यासाठी त्याच्यासोबत आलेला प्लेअर, कोडेक (व्हिडिओ उलगडून दाखवणारा छोटा प्रोग्राम) किंवा पासवर्ड लागतो, तो व्हिडिओ तिथेच पुसून टाकावा; मग तो कितीही दुर्मीळ असो आणि घरातले कोणीही तो पाहण्यासाठी कितीही वाट पाहत असो.

खंडणी मी दिली नाही. फोटोंपैकी फारच थोडे परत आले, तेही रंग विस्कटलेले. ओव्यांच्या बाबतीत मात्र भावाच्या एका मित्राने वेगळी गोष्ट दाखवून दिली. हा प्रोग्राम घाईत असल्यामुळे प्रत्येक फाइलचे फक्त पहिले दीडशे केबी कुलूपबंद करतो आणि पुढचा भाग तसाच सोडतो. एमपी३ फाइल मधूनही वाजू शकते, त्यामुळे सुरुवातीचा भाग कापून टाकल्यावर ३१ च्या ३१ ध्वनिमुद्रणे वाजली, प्रत्येकाची पहिली साडेनऊ सेकंदे वगळून. जात्याची घरघर आणि आजीचा आवाज दोन्ही आहेत, पण ओवी उचलतानाची पहिली ओळ कुठेच नाही. आईला एकेक ऐकवत गेलो तेव्हा १९ ओव्यांची पहिली ओळ तिला आठवली आणि ती मी वहीत उतरवून घेतली आहे. उरलेल्या १२ ओव्या मधूनच सुरू होतात.