पऱ्हाटीच्या ब्रिकेट घरच्या चुलीत कशा चालतात, वापरून झाल्यावर लिहितो आहे

आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर (जिल्हा वर्धा) एक जण पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळल्या झाडांच्या) ब्रिकेट, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या, बनवतो. माल सगळा बॉयलरवाल्या कंपन्यांना जायचा, आता घरगुतीसाठी म्हणून ४० किलोचं पोतंही देऊन राह्यला, ९ रुपये किलोनं. नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढं तक्रार आहे. हिवाळाभर वापरल्या. घरी गॅस आहेच, पण आंघोळीचं पाणी, कुरड्यांचा चीक, पाव्हणे जास्त झाले की स्वयंपाक, हे सगळं अंगणातल्या चुलीवरच होते. उज्ज्वलाचं सिलिंडर २०१६ पासून गावात आलं तरी चूल काही कोणी मोडली नाही, तुमच्याकडंही असंच असेल.

वस्तू काय आहे ते सांगतो. कापूस वेचून झाला की उरलेली पऱ्हाटी मशीनमधून बारीक करायची, चांगली वाळवायची अन् गरम करून मोठ्या दाबानं दाबायची. गोंद-बिंद काही लागत नाही, लाकडातच लिग्निन नावाचा पदार्थ असतो तोच गरमीनं मऊ होऊन भुसा धरून ठेवतो. हातात घेतली तर मनगटापेक्षा जाड, तपकिरी, बाहेरून चकचकीत अन् जराशी करपलेली. दगडावर आपटली की चकत्या-चकत्या होऊन तुटते, अन् नीट पाह्यलं तर आत कुठंकुठं कापसाचा पांढरा तंतू अडकलेला दिसतो. पाहून बरं वाटलं खरं, म्हटलं चला माल आपल्याच वावरातला आहे.

पेटवायला मात्र दमवते. अख्खी ब्रिकेट चुलीत कोंबली तर नुसता धूर. तीन-चार तुकडे करा, खाली तुराट्या घाला, तुकड्यांमध्ये हवेला जागा ठेवा आणि फुंकणी हाताशी असू द्या. जमलं तर खाली लोखंडी जाळी टाका, राख खाली पडते अन् विस्तव दबत नाही. सुरवातीला पांढरा धूर निघतो, एकदा धरली की मग पाहायचं काम नाही. सुटी पऱ्हाटी कशी, तडतड जळून खलास, एक माणूस चुलीपुढं बसूनच पाहिजे सारखं आत सारायला. हिचं तसं नाही, माय पाणी ठेवून झाडलोट करून येते तरी आर तसाच धगधगीत असतो. माझ्या मते पैसे द्यायचे तर ह्या एका गोष्टीचेच. राखही गवरीपेक्षा पुष्कळ कमी, गवरीची तर पाटी भरते.

रोडग्यांसाठी (विस्तवात भाजायचे कणकेचे गोळे) मात्र नका घेऊ. वहिनीनं करून पाह्यले, बाहेरून कोळसा अन् आतून कच्चे. गवऱ्यांचा आर मंद असतो, चारी बाजूनं सारखा लागतो, रोडगे त्यात पुरून ठेवता येतात. ब्रिकेटचा आर एकाच जागी जोरात मारतो. वहिनी म्हणाली, "भाऊजी, ह्यावर तेरवीचा भात शिजवा, रोडगे नाही." शंभर टक्के बरोबर बोलली. भांडं काळं व्हायचं ते होतेच, त्यात काही फरक नाही.

आता जरा बाजूचं. भाचा आयर्लंडात नोकरीला आहे, दिवाळीत आला होता, ब्रिकेट पाहून म्हणे मामा आमच्याकडं पीटच्याही अशाच मिळायच्या. पीट म्हणजे दलदलीत साचलेलं, पाण्यात बुडून असल्यानं पूर्ण न कुजलेलं शेवाळ अन् गवत, कोळसा व्हायच्या आधीची अवस्था. तिकडचे खेड्यातले लोक उन्हाळ्यात दलदलीतून त्याचे विटेएवढे तुकडे कापतात, उभे करून वाळवतात, घराशी रचतात अन् हिवाळाभर जाळतात. म्हणजे आपल्या गवऱ्यांचंच काम. पण पीटचा थर वाढतो वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर, हातभर थर साचायला शेकडो वर्षं. शिवाय धूर. त्या धुरामुळंच ऑक्टोबर २०२२ संपता संपता तिथं हे कापलेले पीटचे तुकडे दुकानातून अन् ऑनलाइन विकण्यावर बंदी आली, स्वतःच्या हक्काच्या दलदलीतलं काढून स्वतः जाळायला मात्र मुभा आहे.

आपल्याकडं उलट आहे ना भाऊ. पऱ्हाटी दर वर्षी येते, हेक्टरी दोन-तीन टन, अन् आपण ती धुऱ्यावर (बांधावर) ढीग लावून पेटवून देतो. बरं ढीग तसाच ठेवला तर बोंडअळी. २०१७ला गुलाबी बोंडअळीनं काय हाल केले ते विदर्भात कोणाला सांगायची गरज नाही, तेव्हापासून कृषी विभाग ओरडून राह्यला की धुऱ्यावर पऱ्हाटी रचू नका, न फुटलेल्या बोंडात अळी तशीच बसून राहते. नागपूरला कापूस तंत्रज्ञान संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, तिथंही पऱ्हाटीच्या ब्रिकेट-पेलेटवर काम झालं आहे. तेव्हा कल्पना चांगलीच आहे, वाद नाही.

वाद किमतीचा आहे. हाच ब्रिकेटवाला फेब्रुवारीत मशीन घेऊन आला अन् म्हणे वावर फुकट साफ करून देतो. चिमट्यानं पऱ्हाटी उपटायला मजूर लावायचा म्हटलं तर किती जातात ते माहीत आहे, म्हणून सगळेच हो म्हणाले. अन् तीच पऱ्हाटी आता ९ रुपये किलो! मशीन, वीज, वाहतूक सगळं मान्य, पण ज्याच्या वावरातून नेली त्याला तरी दोन पोती कमी भावात द्या ना. विचारलं तर हसला.

अन् हिशोब करून पाहा. ब्रिकेटमध्ये किलोला साधारण ४,००० किलोकॅलरी, गॅसमध्ये ११,०००च्या आसपास. म्हणजे कागदावर १४.२ किलोचं सिलिंडर बरोबर ४० किलोचं एक पोतं, ३६० रुपये, फारच स्वस्त. विकणारा हेच सांगतो. पण आपल्या मातीच्या चुलीत त्यातली १०-१५ टक्केच उष्णता भांड्याला लागते अन् गॅसच्या शेगडीत ६० टक्क्यांच्या वर. ते धरलं तर एका सिलिंडरला दीडशे किलोच्या वर ब्रिकेट, म्हणजे १,४००च्या घरात. सिलिंडर त्याच्यापेक्षा स्वस्त पडतो. धाबेवाला, मंगल कार्यालय, जिथं मोठी भट्टी दिवसभर चालते, त्यांनी जरूर घ्यावं. घरी स्वतःची पऱ्हाटी-तुराटी असणाऱ्यानं कशाला?

माल पण एकसारखा नाही. पहिलं पोतं झकास होतं, नंतरच्या एकात सोयाबीनचं कुटार मिसळलेलं वाटलं, रंग फिका, हातानंच भुगा होत होता अन् जळायलाही भसकन. तळाला पाच-सहा किलो तर नुसता भुसाच, तो चुलीत टाकला की विस्तव दाबून टाकतो. तेव्हा घ्यायचंच असेल तर पोतं तिथंच उलटं करून घ्या, काटा स्वतः पाहा, अन् मधे भोक असलेल्या ब्रिकेट मिळाल्या तर त्याच मागा, लवकर धरतात. पावसाळ्यासाठी म्हणून साठा करू नका, ओल लागली की फुगून भुसा होतो, अन् विकणारा काही परत घेत नाही, विचारून झालं.