सिस्टमडीचं सिस्टमकॉलफिल्टर: वर्षभर वापरल्यावर

लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीत सिस्टमकॉलफिल्टर ही सेटिंग आहे, सर्व्हिसने कर्नलकडे कुठल्या विनंत्या (सिस्टम कॉल) करायच्या ते ती ठरवते. सर्व्हिसला असा सँडबॉक्स, म्हणजे बंधनांचं कुंपण, लावायचा म्हटलं की बरेच जण टाळतात, कारण एखादा गरजेचा सिस्टम कॉल अडला की सर्व्हिस धाडकन मरते आणि का मेली ते पटकन कळत नाही. मीपण टाळायचो. आतून हे फिल्टर म्हणजे लिनक्स कर्नलचं सेककॉम्पच (सिस्टम कॉल अडवायची सोय) आहे, 2005 ला आलं तेव्हा फक्त रीड, राइट, एक्झिट आणि सिगरिटर्न एवढेच कॉल चालायचे, 2012 मध्ये लिनक्स 3.5 ला बीपीएफ फिल्टर (कुठले कॉल चालतील ते आपण ठरवायचे छोटे प्रोग्रॅम) आले आणि मग ते खऱ्या कामाचं झालं.

सुरुवातीला मी एसट्रेस (प्रोग्रॅम कुठले सिस्टम कॉल करतो ते दाखवणारं टूल) लावून दिसतील ते कॉल हाताने लिस्टमध्ये टाकले आणि ते मस्त चाललं, पण ओएस अपग्रेड केली, जीलिबसी (बहुतेक प्रोग्रॅम वापरतात ती सी लायब्ररी) 2.34 आली, आणि पहिला थ्रेड काढतानाच सर्व्हिस खलास! ऑडिट लॉगमध्ये टाइप 1326 ची, म्हणजे सेककॉम्पची, एक ओळ, त्यात सिग=31 (अडलेल्या कॉलवर मारणारा सिग्नल) आणि सिसकॉल=435 (कॉलचा नंबर). एयूसिसकॉलला (नंबरावरून कॉलचं नाव सांगणारं टूल) 435 विचारलं तर उत्तर आलं क्लोन3. नवीन जीलिबसी थ्रेडसाठी आधी तोच कॉल करते आणि माझ्या लिस्टमध्ये फक्त जुना क्लोन. सर्व्हिस मारण्याऐवजी ईपर्म (‘परवानगी नाही’ ही एरर) परत करून बघितलं, तरी थ्रेड निघेना, कारण जुन्या क्लोनकडे जीलिबसी फक्त एनोसिस (‘असा कॉलच नाही’ ही एरर) मिळालं तरच वळते. हे समजायला माझी अख्खी रात्र गेली.

तेव्हापासून हाताची लिस्ट बंद. @सिस्टम-सर्व्हिस हा साधारण सर्व्हिसला लागणाऱ्या कॉलचा तयार ग्रुप घ्यायचा, खालच्या ओळीत ~ लावून @प्रिव्हिलेज्ड (खास अधिकाराचे कॉल) आणि @रिसोर्सेस (रिसोर्सची मर्यादा बदलणारे कॉल) हे ग्रुप वजा करायचे, आणि वर काही लागलंच तर तो एकच कॉल नावाने जोडायचा. ग्रुप सिस्टमडीवालेच सांभाळतात, हे मला सगळ्यात आवडलं. एक कॉल अडला म्हणून अख्खं फिल्टर काढून टाकणारे खूप बघितलेत, प्लीज तसं करू नका, लॉगमधला नंबर बघायला दोन मिनिटं लागतात.

कमी काय, तर फाइलचं नाव याला कळत नाही, कॉलला नावाऐवजी त्याचा मेमरीतला पत्ता (पॉइंटर) मिळतो आणि पॉइंटरच्या मागे काय आहे ते सेककॉम्प बघूच शकत नाही, म्हणजे ओपनॅट (फाइल उघडायचा कॉल) चालू तर या फिल्टरपुरत्या सगळ्याच फाइल चालू. त्यासाठी सिस्टमडीचीच प्रोटेक्टसिस्टम (सिस्टमच्या फोल्डरमध्ये लिहू न देणारी सेटिंग) वगैरे वेगळं लावा.

नवीन लावणाऱ्यांनी आधी सिस्टमकॉललॉग या सेटिंगला ~@सिस्टम-सर्व्हिस द्या (सिस्टमडी 247 पासून आहे), म्हणजे ग्रुपबाहेरचे कॉल अडत नाहीत, नुसते लॉगमध्ये येतात. काही दिवस तसंच चालू द्या, रात्रीचा बॅकअप आणि लॉग रोटेशन पण त्यात होऊन जाऊ द्या, आणि मगच फिल्टर चालू करा.