अंडर-१७ क्वालिफायर: झोप कुणासाठी मोडायची?

परवा धाकट्या चुलतभावाचा मेसेज आला, "दादा, मोठ्यांच्या फुटबॉलचा कंटाळा आला, पोरांच्या क्वालिफायर बघायला चालू करतो, कुठली धरू? युरोप, साउथ अमेरिका का आपली एशियाची?" फोन करून सांगायला लागलो तर पाच मिनिटांत पठ्ठ्या "बरं बरं" म्हणून गायब. म्हणून नीट लिहूनच काढतोय.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट कर. अंडर-१७ म्हणजे सतरा वर्षांखालच्या पोरांचा वर्ल्ड कप पूर्वी दोन वर्षांनी व्हायचा, २४ टीम असायच्या. २०२५ पासून दरवर्षी, कतारमध्ये, आणि टीम ४८. त्यात युरोपला ११ जागा, आफ्रिकेला १०, एशियाला यजमान कतार धरून ९, साउथ अमेरिकेला ७, बाकी उरलेल्यांना. कुठल्या क्वालिफायरमध्ये जीव टांगणीला लागतो आणि कुठे नुसता टाइमपास, ते ह्याच आकड्यांवरून कळतं.

साउथ अमेरिकेत देश किती? १०. जागा? ७. म्हणजे शाळेत चाळीसपैकी अठ्ठावीस पोरं पास केल्यासारखं. तिथे वेगळी क्वालिफायर नसतेच, सगळे एका देशात जमतात, पाच-पाचचे दोन ग्रुप, आणि तीच त्यांची चॅम्पियनशिप. २०२५ ला कोलंबियात कार्ताहेनाला झाली, ब्राझीलने फायनलला यजमानांना पेनल्टीवर हरवलं. पोरांच्या पायात जादू आहे, वादच नाही, पण मॅच आपल्याकडे मध्यरात्रीनंतर नाहीतर पहाटे, आणि ब्राझील-अर्जेंटिना बाहेर जातील अशी धाकधूक जवळपास नाहीच. त्यापेक्षा तिकडची अंडर-२० बघ. तिथे २०२५ ला यजमान चिली सोडून चारच जागा होत्या. पहिल्याच मॅचला अर्जेंटिनाने ब्राझीलला ६-० धुतलं, आणि शेवटी चॅम्पियन कोण? ब्राझील! आणि तोच चॅम्पियन नंतर चिलीतल्या वर्ल्ड कपला ग्रुपमध्ये तळाला राहून घरी. हे बघायला मात्र पहाटे उठलेलं परवडतं.

युरोपचं गणित कडक आहे. चार टीमचा ग्रुप, सगळे एका देशात येतात, आठवड्याभरात तीन मॅच, खेळ खल्लास. शरद ऋतूत एक राउंड, वसंतात दुसरा. दुसऱ्या राउंडच्या वरच्या लीगमध्ये सात ग्रुप, प्रत्येकातला पहिलाच युरोच्या (म्हणजे युरोपच्या अंडर-१७ चॅम्पियनशिपच्या) फायनल्सना जातो, आठवा यजमान. २०२५ ला स्पेन आणि नेदरलँड्स ह्याच गाळणीत अडकले, ना युरो ना वर्ल्ड कप. आणि गंमत बघ, ऑस्ट्रिया ग्रुपमध्ये दुसरा आला म्हणून युरोला नव्हता, पण चांगल्या चार रनर-अपमध्ये बसला म्हणून कतारचं तिकीट मिळालं, आणि तिथे थेट फायनलला गेला! पोर्तुगालकडून १-० ने हरला, पण गेला ना. म्हणजे दर्जा म्हणशील तर युरोपच. अडचण एकच, बघायचं कसं? एकाच दिवशी दहा ठिकाणी मॅच, त्या पण वीकडेला आपल्या दुपारी-संध्याकाळी, बऱ्याचशा टीव्हीवर नाहीतच. मी एक सीझन प्रयत्न केला, ऑफिसात एक्सेल उघडून मागे स्कोअर अ‍ॅप रिफ्रेश करत बसायचो, एकाही पोराचा चेहरा बघितला नाही, नुसते आकडे. त्याला फॉलो करणं म्हणायचं का काय माहीत नाही.

आफ्रिका थोडक्यात. आधी झोनवार सामने, मग मुख्य स्पर्धा, आणि झोनमध्येच मोठमोठे गळतात. पाच वेळचा चॅम्पियन नायजेरिया २०२५ च्या वर्ल्ड कपला नव्हता, सांग आता. शिवाय तिथे मॅचआधीच अर्धी मॅच होते, वय तपासायला काढतात त्या मनगटाच्या एमआरआयची. २०२३ च्या जानेवारीत कॅमेरूनच्या ३० पैकी २१ पोरांना वयाच्या टेस्टमध्ये उडवलं, नवीन टीम उभी करायला लागली. (हसू नको, वयाचे दाखले आपल्याकडे पण कसे निघतात ते तुला मी सांगायला नको.)

आता आपली. २०१७ ला आपण वर्ल्ड कप खेळलो तो यजमान म्हणून, क्वालिफाय होऊन नाही. त्या टीममध्ये आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, नवी मुंबईत आणि मडगावला पण मॅच झाल्या, त्यामुळे वाटलं आता दार उघडलं. कुठलं काय. २०१८ ला मलेशियात अंडर-१६ एशियन कपच्या (एशियात वर्ल्ड कपचं तिकीट ह्यातूनच मिळतं) क्वार्टरफायनलला दक्षिण कोरियाकडून १-० ने हरलो, ती जिंकली असती तर वर्ल्ड कप पक्का होता. २०२४ ला थायलंडमध्ये एशियन कपच्या क्वालिफायरला ब्रुनेईला १३-० मारलं, थायलंडकडून ३-२ ने हरलो, बाहेर.

पुढच्या वेळी नियम आणखी आवळला. कतारला खेळलेल्या नऊ टीम एशियन कपला थेट, उरलेल्या ३८ टीमचे सात ग्रुप आणि जाणार फक्त पहिला. रनर-अपला काही नाही. आपला ग्रुप अहमदाबादला, कोच गोव्याचे बिबियानो फर्नांडिस. पॅलेस्टाइनशी १-१, चायनीज तैपेईला (म्हणजे तैवानला) ३-१, मग लेबनॉनकडून ०-२, तिथे मी आशा सोडली होती. ३० नोव्हेंबर २०२५, शेवटची मॅच इराणशी, त्यांना नुसता ड्रॉ पुरणार होता. मोबाइल तांब्याला टेकवून जेवता जेवता बघत होतो. इराणचा गोल आधी, आई म्हणाली बंद कर ते आणि नीट जेव. हाफटाइमच्या तोंडावर आपल्याला पेनल्टी, १-१. दुसऱ्या हाफला लगेच दुसरा गोल, आणि मग राहिलेला सगळा वेळ बॉल आपल्याच बॉक्सभोवती, हातावरची आमटी वाळून कडक झाली तरी उठलो नाही. २-१. खेळ म्हणून बघशील तर युरोपची पोरं ह्यापेक्षा बॉल कितीतरी नीट पास करतात, ते मान्य, पण तसलं पोटात कालवलेलं मला तिकडच्या एकाही मॅचला झालेलं नाही.

त्यामुळे माझं मत सरळ आहे. उद्याचे स्टार आधी ओळखून मित्रांत भाव खायचा असेल तर युरोप, पण पहिला राउंड सोड, वसंतातला धर आणि एकच ग्रुप धर, सगळे धरशील तर माझ्यासारखा एक्सेलमागे लपशील. पहाटे उठायची हौस असेल तर साउथ अमेरिकेची अंडर-२०. आणि एकच बघणार असशील तर एशिया. मॅच संध्याकाळी असतात, आपली टीम असते, ग्रुपमधून एकालाच जागा असते. फक्त एक कर, टेबल कागदावर काढून ठेव आणि लक्षात ठेव, पॉइंट सारखे झाले तर इथे आधी आपापसातली मॅच बघतात, गोल डिफरन्स (केलेले गोल वजा खाल्लेले) नंतर. मागच्या वेळी तूच मला गोल डिफरन्स मोजून "दादा, जमत नाही रे" म्हणून मेसेज टाकला होतास.