रविवारची पहाट की शनिवारची रात्र: नागपुरात पक्षी पाहावे की तारे?

दहावीनंतर किंवा कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात एखादा चांगला नाद लावून घ्यावा असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यापुढे नागपुरात दोन भक्कम पर्याय आहेत: पक्षीनिरीक्षण आणि आकाशदर्शन. दोन्हींना एकच दुर्बीण चालते, दोन्हींची नावं मराठीत जुनी आणि सुंदर आहेत, आणि दोन्हींत जन्म गेला तरी विषय संपत नाही. मी दोन्ही करतो. पण आठवड्याला चार-पाच तासच हाती असतील आणि सुरुवात एकानेच करायची असेल, तर कशाने करावी, एवढंच इथे मांडतो. मत नागपूरच्या हवेपुरतं आणि नागपूरच्या उजेडापुरतं आहे. कोकणातल्या मुलाला उत्तर वेगळं मिळेल.

आधी दुर्बिणीचं सांगून टाकतो, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच वाया जातात. ताऱ्यांसाठी १०×५० आणि पक्ष्यांसाठी ८×४२ असा सल्ला सर्रास मिळतो (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या रुंदीचा). एकच घ्यायची असेल तर ८×४२ घ्या. १०×५० किलोच्या आसपास भरते. पंधरा मिनिटांत दंड भरून येतात, हात हलतो आणि दहापटीत तो हलणं जास्त दिसतं. ८×४२ वजनाला हलकी, दृश्य रुंद, आणि गुरूचे चार चंद्र तिच्यातूनही दिसतात. फक्त कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवून श्वास रोखायचा. '५०० पट मोठं दाखवते' असं खोक्यावर छापलेली छोटी टेलिस्कोप मात्र अजिबात घेऊ नका. भिंग जितक्या मिलिमीटरचं, त्याच्या फार तर दुप्पट वाढ कामाची असते. ७० मिलिमीटरच्या भिंगाला १४० पटीच्या पुढे नुसता धुरकट गोळा दिसतो, आणि डुगडुगत्या स्टँडवर तोही ठरत नाही.

नवी दुर्बीण 'डोळ्यांना लागत नाही' अशी तक्रार आली की बहुधा ती जुळवलेलीच नसते. बिजागरीवर उघडमीट करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करा. उजवा डोळा मिटून दूरच्या पाटीवरची अक्षरं मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावा डोळा मिटा आणि मधल्या चाकाला हात न लावता फक्त उजव्या नेत्रिकेचं, म्हणजे डोळ्याशी येणाऱ्या भिंगाचं, कडं फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा. कड्यावरची खूण लक्षात ठेवा, कारण पुढे मधलं चाक तेवढं फिरवायचं असतं. चष्मा असेल तर रबरी कप दुमडून ठेवा. आणि सूर्याच्या दिशेला दुर्बीण कधीही वळवायची नाही, पक्षी कितीही सुंदर असो.

आता आकाश. याची बाजू खरोखर मोठी आहे आणि ती कमी करून सांगणं अन्यायाचं होईल. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने दक्षिणेचं आकाश आपल्याला उदार आहे. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास व्याध ताऱ्याच्या बऱ्याच खाली, दक्षिण क्षितिजापासून साधारण १६ अंशांवर अगस्त्य हा तारा उभा असतो. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे १० अंश, म्हणजे हा दीड मुठीवर. दिल्लीत तोच जेमतेम ९ अंशांवर येतो आणि इमारतींमागे हरवतो. भर शहरातल्या गच्चीवरूनही बरंच काही जमतं. चंद्र पौर्णिमेला नव्हे, अष्टमीच्या आसपास पाहावा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि चंद्राला खोली येते. मृगातला तांबूस तारा काक्षी हा रोहिणीपेक्षा आज किती तेजस्वी आहे, एवढी एक ओळ दर आठवड्याला वहीत लिहिली तरी ती नोंद खऱ्या शास्त्राची असते. २०१९-२० च्या हिवाळ्यात हा तारा इतका मंदावला की साध्या डोळ्यांनाही फरक कळत होता. ज्यांच्या वहीत आधीच्या नोंदी होत्या, त्यांना तो सगळ्यांत आधी जाणवला असणार.

दिवसाचाही एक प्रयोग आहे. २६ मे रोजी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. सपाट जागी बाटली उभी ठेवा, तिची सावली तिच्याच तळाखाली जाते. जुलैच्या मध्यात सूर्य परतताना हे पुन्हा घडतं, पण तेव्हा ढग असतात.

खरं आकाश मात्र शहराबाहेर आहे. ते आपल्याच जिल्ह्यात आहे, ही नागपूरकरांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी परिसरातल्या गावांमधले रस्त्यांवरचे दिवे बदलून उजेड खाली वळवला गेला. तिथे अमावास्येच्या रात्री वृश्चिकेच्या नांगीपासून वर चढत जाणारी आकाशगंगा दिसते. जाताना टॉर्चला लाल झिलेटिन कागदाचे दोन-तीन पदर बांधा. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि फोनचा पांढरा पडदा एकदा उजळला की सगळं पहिल्यापासून.

इथवर वाचून तारेच निवडावेत असं वाटेल. माझा कौल ज्या एका गोष्टीमुळे फिरला ती अशी: रात्र जुळत नाही.

हिशेब करून पाहा. पावसाळा सोडला तर ऑक्टोबर ते मे हे आठ महिने उरतात, म्हणजे पस्तीसेक शनिवार. चंद्र अडचण करत नाही अशा रात्री अमावास्येच्या पुढेमागे मिळून दहा. म्हणजे तीन शनिवारांतला एक कामाचा, आणि पस्तीसाचे झाले बारा. त्यात फेब्रुवारी-मार्चमधलं अवकाळी ढगाळ हवामान, एखाद्या रात्रीचं धुकं, दिवाळीचा धूर आणि नेमकी मार्च-एप्रिलला येणारी परीक्षा. हाती सात-आठ रात्री राहतात. आता या सात-आठ रात्रींपैकी प्रत्येकीला गाडी हवी, गाडी चालवणारं मोठं माणूस हवं, ६०-७० किलोमीटर जाऊन पहाटे परतायची घरून परवानगी हवी. मुलींच्या बाबतीत ही परवानगी अजूनच अवघड, हे आपल्या शहराचं वास्तव आहे. चौघांच्या गटात एकाने ऐनवेळी नाही म्हटलं की बेत मोडतो, आणि पुढची संधी महिन्याने. ऑगस्टमधला ययाती तारकासमूहाचा प्रसिद्ध उल्कावर्षाव तर आपल्याकडे बहुतेक वर्षी ढगांआड जातो. १३-१४ डिसेंबरचा मिथुन राशीतला वर्षाव तेवढा हमखास म्हणावा असा, तोही चंद्र नसेल तर.

नव्या माणसाचा नाद टिकतो तो वारंवार हात लागल्याने. महिनाभराच्या खंडात नक्षत्रं चार अंश नव्हे, चांगली ३० अंश पश्चिमेला सरकलेली असतात, आणि मागच्या वेळी पाठ केलेलं पुन्हा शोधावं लागतं. जुन्या जाणत्याला यातच गंमत वाटते, नवख्याचा हिरमोड होतो. माझ्या पाहण्यात आकाशदर्शन सुटलेली मुलं कंटाळून नाही, वाट पाहून थकली आहेत.

पक्ष्यांना परवानगी लागत नाही. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास पुरतात, डिसेंबरात साधारण पावणेसात ते पावणेनऊ. सायकलवर अंबाझरीला जाता येतं. तिथे बांधावर उभं राहिलं की पाणी पश्चिमेला आणि सकाळचा सूर्य पाठीशी येतो, त्यामुळे बदकं काळ्या सावल्यांसारखी न दिसता रंगांसकट दिसतात. पाण्यात समोरच हळदीकुंकू बदक सापडावं: चोचीचं टोक पिवळं, बुडाशी दोन लाल ठिपके, नाव ज्याने ठेवलं त्याने नीट पाहून ठेवलं. शेजारी काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी. त्यानंतर गोरेवाडा, फुटाळा, सेमिनरी हिल्सची झाडी, महाराजबाग, अशी पाच-सहा रविवार पुरतील इतकी ठिकाणं गावातच आहेत. आणि कुठेच जाणं झालं नाही तर आपल्या लेआउटमधला उंबर किंवा पिंपळ बघावा. फळं धरली की राखी धनेश आणि तांबट तिथे येतातच.

वर्षात खंडही पडत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाहुणी बदकं. मार्चला पळस-पांगऱ्याच्या फुलांवर शिंजीर आणि भांगपाडी मैना. मेमध्ये पारा ४५ ला टेकतो तेव्हा बाहेर फिरायचं नाही, गच्चीच्या सावलीत मातीचं पसरट भांडं ठेवायचं. पाणी दोन बोटं खोल, मधे एक दगड, आणि रोज बदललेलं, नाहीतर डास होतात. बुलबुल, साळुंक्या, सातभाई स्वतः येतात. जूनला 'पेर्ते व्हा' म्हणणारा पावशा, चातक आणि झाडीतून नवरंगाची दुहेरी शीळ. पावसाळ्यात आकाशवाले घरी बसतात तेव्हा विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी लागलेली असतात. नर अर्धं घरटं विणून थांबतो, मादीने पसंत केलं तर नळी जोडून पुरं करतो आणि नापसंत केलं तर दुसरं धरतो. एकाच झाडावर पुरी आणि अर्धवट घरटी का, याचं उत्तर दोन रविवार तिथे बसलं की कळतं.

इथेही चुका ठरलेल्या आहेत. पहिली, पक्षी दुर्बिणीतून शोधणं. नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणायची असते. दुसरी, नुसत्या रंगावरून नाव ठरवणं. आधी आकार बघा, चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा. मग चोच, मग बसण्याची तऱ्हा, आणि रंग सगळ्यांत शेवटी. तिसरी, आवाजावरून नाव सांगणाऱ्या मर्लिनसारख्या ॲपवर पूर्ण विसंबणं. ॲप उपयोगी आहे, पण कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, तेव्हा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नोंद करू नये. चौथी सगळ्यांत वाईट: फोटोसाठी पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं किंवा घरट्याजवळ जाणं. विणीच्या दिवसांत त्याने घरटं सुटू शकतं. कॅमेरा पहिलं वर्षभर नकोच.

पक्ष्यांची कटकट एकच मोठी: वटवट्या आणि तुतारी या गटांतले पक्षी एकमेकांसारखे दिसतात आणि नवख्याला रडकुंडीला आणतात. पहिल्या हिवाळ्यात त्यांना 'वटवट्या, कोणता ते ठाऊक नाही' असं लिहून पुढे जावं.

नोंद ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ठेवली तर ती अभ्यासकांच्याही कामी येते. १५ मिनिटं मोजून एका जागी उभं राहायचं, ओळखू आलेले सगळे पक्षी संख्येसकट लिहायचे. कावळे आणि कबुतरंही गाळायची नाहीत, कारण पुढे एखादा पक्षी घटला की वाढला हे अशाच पुऱ्या याद्यांवरून कळतं. सुरुवातीला ५ ते १२ नोव्हेंबरचा आठवडा उत्तम. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांमधला हा काळ राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात, पाहुणे पक्षी उतरू लागलेले असतात आणि जाणकारांसोबत फिरायला मिळतं.

दुर्बीण कोणत्याही कामाला घेतली तरी पावसाळ्यात ती चामडी कव्हरमध्ये ठेवू नका. ओल धरून भिंगावर आतून बुरशी चढते आणि ती पुसता येत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की ते मंद आचेवर तव्यात गरम करून पुन्हा वापरा.

एका परिस्थितीत मात्र मी बेधडक तारे निवडायला सांगेन. तुमचं गाव काटोल, नरखेड किंवा पारशिवनीकडे असेल, शनिवार-रविवार तिथे जाणं होत असेल आणि घराच्या अंगणात रस्त्याच्या दिव्याचा झोत येत नसेल, तर वर लिहिलेला सगळा हिशेब तुम्हाला लागू नाही. खाट अंगणात टाका, आठ वाजता घरातला दिवा मालवा आणि कृत्तिकेतले साध्या डोळ्यांनी किती तारे मोजता येतात ते आधी पाहा. सहा दिसले तर आकाश चांगलं आहे, सात-आठ दिसले तर दुर्बीण लगेच आणा.