मिस्टर मोरॅल अँड द बिग स्टेपर्स: दोन स्टार दिले होते, आता साडेचार

अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारचा हा अल्बम १३ मे २०२२ ला आला तेव्हा मी दोन स्टार दिले होते, ते आज बदलतोय. त्याचा आधीचा अल्बम डॅम २०१७ चा, त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर पुरस्कार मिळाला, मग पाच वर्षं अल्बमच नाही, आणि तेवढ्या वेळात मी डोक्यात माझाच एक अल्बम तयार करून ठेवला होता, इंदूरच्या छप्पन दुकानला गाडीच्या काचा खाली करून वाजवावा असा. मिळाली १८ गाणी, दोन भागात, थेरपी, मधेमधे टॅप डान्सचे पाय. वैतागलोच.

पहिल्याच गाण्यात तो १,८५५ दिवसांचा हिशोब सांगतो, डॅमपासून ह्या अल्बमपर्यंत बरोब्बर तेवढेच दिवस होतात, मी ते दिवस वाट बघत मोजले आणि तो म्हणतोय की ह्या दिवसांत मी कशातून तरी जात होतो. हे मला तेव्हा ऐकूच आलं नाही. 'सेव्हियर'मधे मी तुमचा तारणहार नाही म्हणतो, तर मला वाटलं बहाणे सांगतोय.

मावसभावाने केंड्रिक ऐकायला सुरुवातच २०२४ च्या 'नॉट लाइक अस'पासून केली, रॅपर ड्रेकशी वाजलं होतं तेव्हा. त्याला केंड्रिकचा त्याच वर्षीचा अल्बम जीएनएक्स पाठ आहे, १२ गाणी, पाऊण तासात खल्लास. हा लावला तर तिसऱ्या गाण्यात म्हणे, "दादा, हा भिडणार कधी?" आणि वहिनी, जिला रॅपचा गंध नाही पण सानंदचं (इंदूरची मराठी संस्था) एक नाटक चुकवत नाही, तिला 'वी क्राय टुगेदर' ऐकवलं (शिव्या भरपूर आहेत हे आधीच सांगितलं), त्यात दोघं फक्त कडाकडा भांडतात, मी तर ते नेहमी स्किप करायचो, ती शेवटपर्यंत हलली नाही आणि म्हणाली परत लाव. तिच्यासाठी तो नाटकातला प्रवेश होता, गाणं नव्हतंच.

मग मीपण रात्री लाइट बंद करून सलग ऐकला. 'मदर आय सोबर'मधे नुसता पियानो, पोर्टिसहेड बँडच्या बेथ गिबन्सचा आवाज, आणि तो घरात पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या अत्याचाराबद्दल इतक्या हळू बोलतो की पंखापण बंद करावासा वाटला.

अर्धा स्टार कापलाय तो कोडॅक ब्लॅकसाठी, ह्या रॅपरवर स्वतःवरच लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला होता, असल्या गाण्यांच्या शेजारी तो सारखा सारखा येतो ते मला अजून पटत नाही. ऐकणार असाल तर डॅम संपल्या संपल्या लावू नका, मधे दोन-चार दिवस जाऊ द्या.